जुन्या ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग : बिघाड शोधण्याची रीत

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन, तूर, कापूस ही इथली मुख्य पिके असून बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर चालते. मृगाचा पाऊस पडला, काळ्या जमिनीत वाफसा आला, की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. त्या दिवसांत ज्याचे ट्रॅक्टर उभे राहिले त्याची पेरणी मागे पडते. जो दुसऱ्याच्या वावरात भाड्याने ट्रॅक्टर चालवून पोट भरतो, त्याची तर वर्षाची कमाईच बुडते.

आमच्या संस्थेच्या एका सभासदाच्या बाबतीत असेच घडले. त्यांनी कर्ज काढून जुने ट्रॅक्टर विकत घेतले होते. जून महिन्यात त्याचे स्टिअरिंग जड झाले. त्यांनी ते तालुक्याच्या गावी दुरुस्तीला नेले. तिथे प्रथम पंप बदलण्यात आला, तरी स्टिअरिंग जडच. नंतर स्टिअरिंगचे युनिट बदलले, तरी फरक पडला नाही. उधारीवर आणलेले दोन महागडे भाग बसले, दहा दिवस गेले, आणि ठरलेली गिऱ्हाइके दुसऱ्या ट्रॅक्टरकडे वळली. शेवटी आम्ही दोघेतिघे त्यांच्या घरी गेलो. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलला, स्टिअरिंग सिलिंडरची पिन काढली आणि चाक हाताने वळवून पाहिले. चाक हलेना! डाव्या बाजूची किंग पिन तिच्या बुशमध्ये गंजून घट्ट बसली होती. ग्रीसचे निपल चिखलाने बुजलेले होते आणि कित्येक महिने आत ग्रीस गेलेच नव्हते. बुश व बेअरिंग बदलले, ग्रीस भरले आणि संध्याकाळपर्यंत स्टिअरिंग बोटावर फिरू लागले.

बिघाड किंग पिनमध्ये होता आणि पैसा गेला पंपावर. या एका प्रसंगात सारा धडा आला आहे. आधी कारण शोधावे, मग भाग बदलावा. आणि कारण शोधताना ज्या तपासणीला खर्च नाही ती सर्वांत आधी करावी. ही रीत आमच्या सभासदांना आणि विशेषतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थी मित्रांना समजावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय?

साध्या स्टिअरिंगमध्ये चालकाच्या हाताचा जोर दात्यांच्या पेटीतून दांड्यांमार्फत पुढच्या चाकांपर्यंत जातो. पॉवर स्टिअरिंगमध्ये हे कष्टाचे काम दाबाखालचे तेल करते. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली मोटारीवर असे स्टिअरिंग बसवून दाखविले होते. आपल्याकडील शेतात मात्र ते बऱ्याच उशिरा आले.

जुन्या ट्रॅक्टरवर याचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात नेहमीची स्टिअरिंग पेटी कायम असते आणि तिला मदत म्हणून तेलाचा सिलिंडर जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात स्टिअरिंग आणि चाके यांच्यामध्ये दांड्यांचा संबंधच नसतो. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक युनिट असते, त्यातून नळ्यांमार्फत तेल सिलिंडरला जाते आणि सिलिंडर चाके वळवितो. यास हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग म्हणतात. आपले मिस्त्री या युनिटला ऑर्बिट्रोल म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

तेलाचा मार्ग लक्षात ठेवला तर निम्मे काम झाले. टाकीतून तेल सक्शन नळीने पंपात येते. पंप बहुधा दोन दात्यांचा असतो व इंजिनवर फिरतो. पंपातून तेल स्टिअरिंग युनिटमध्ये जाते. स्टिअरिंग स्थिर असेल तर तेल युनिटमधून तसेच परत टाकीत येते. स्टिअरिंग फिरविले की युनिटमधील गोल व्हॉल्व्हची छिद्रे उघडतात आणि तेल तारेच्या आकाराच्या एका गिअरमधून मोजून सिलिंडरच्या एका बाजूस जाते. सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचे तेल युनिटमार्गे टाकीत परतते. हात थांबला की पट्टीच्या स्प्रिंगा व्हॉल्व्हला पुन्हा मधोमध आणतात आणि चाके आहे त्या जागी राहतात. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो कुठे पंपात, तर कुठे युनिटमध्ये असतो.

इंजिन बंद पडले तर हेच युनिट हातपंपासारखे काम करते. स्टिअरिंग फिरते, परंतु फारच जड फिरते. युनिट झिजलेले असेल तर तेही होत नाही. म्हणून उतारावर इंजिन बंद करून ट्रॅक्टर सोडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

थोडे गणित

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. त्यावरून जोर काढता येतो. जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. समजा, सिलिंडरचा आतील व्यास ४० मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५७ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब १०० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०२ किलो असेल, तर दट्ट्यावर सुमारे १,२८० किलोचा जोर येतो. चालकाने दोन बोटांनी फिरविलेल्या चक्राच्या मागे एवढी ताकद उभी असते.

आता दांडीच्या बाजूचा विचार करू. दांडी २० मिलिमीटर जाडीची असेल तर त्या बाजूस उरलेले क्षेत्रफळ सुमारे ९.४२ चौरस सेंटिमीटर आणि जोर सुमारे ९६० किलो. म्हणजे एकाच बाजूला दांडी असलेल्या सिलिंडरचा जोर दोन्हीकडे सारखा नसतो. तसेच स्टिअरिंगचे फेरेही सारखे नसतात. दट्ट्याची चाल २० सेंटिमीटर आणि युनिट दर फेऱ्याला ८० घन सेंटिमीटर तेल देणारे असेल, तर एका बाजूस सुमारे ३.१ फेरे लागतील आणि दुसऱ्या बाजूस सुमारे २.४. “डावीकडे जास्त फिरवावे लागते” अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात. अशा सिलिंडरच्या बाबतीत हा बिघाड नसून रचना आहे. ज्याच्या दोन्ही बाजूंना दांडी असते, त्या सिलिंडरला दोन्हीकडे सारखेच फेरे लागतात. हे माहीत नसल्यामुळेही चांगले भाग काढून टाकले जातात.

या गणितातून निघणारे सूत्र विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे : दाब जोर देतो, प्रवाह वेग देतो. दाब कमी पडला तर स्टिअरिंग हळू फिरविले तरी जड लागते. प्रवाह कमी पडला तर हळू फिरविताना हलके लागते, पण झटकन फिरविले की अडते. लक्षणे ओळखताना हे सूत्र फार उपयोगी पडते.

पहिली पायरी : तेलाला दोष देण्यापूर्वी चाके पाहा

पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर कोणतेही स्टिअरिंग जड होते. म्हणून आधी हवा मोजावी आणि ती कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. पुढे जास्तीची वजने लावली आहेत काय, तेही पाहावे.

त्यानंतर ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभे करून हँडब्रेक लावावा, मागील चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून त्याखाली मजबूत आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली कोणीही जाऊ नये. इंजिन बंद ठेवून सिलिंडरच्या एका टोकाची पिन काढावी. पिन न काढता चाक हलविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय, कारण आतले कोंडलेले तेल चाकाला धरून ठेवते. पिन काढल्यावर चाके हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावीत. ती सहज वळली पाहिजेत. मध्येच अडत असतील, चरचरत असतील किंवा दोन माणसांचा जोर लागत असेल, तर दोष किंग पिन, तिचे बुश, त्याखालील बेअरिंग किंवा टायरॉडचे बॉल जॉइंट यांत आहे. तेथे पंप बदलून उपयोग नाही.

याच वेळी चाक वर-खाली व आजूबाजूस हलवून चाकाच्या बेअरिंगमधील ढिलेपणा तपासावा. एका माणसाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. ज्या सांध्यात एक बाजू हलते व दुसरी थांबते, तो सांधा झिजलेला समजावा. स्टिअरिंगचा “खेळ” वाढल्याची तक्रार बहुतेक वेळा येथेच संपते.

आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल फार चिकट असतो. तो ग्रीस निपलवर वाळून बसतो आणि ग्रीस गन लावूनही ग्रीस आत जात नाही, बाजूनेच बाहेर येते. निपल आधी पुसावे, ग्रीस भरावे आणि जुने काळे ग्रीस सांध्यातून बाहेर येताना दिसेपर्यंत भरत राहावे. निपल बुजले असेल तर ते बदलावे. निपलची किंमत ती किती!

दुसरी पायरी : तेल पाहा

चाके मोकळी असतील तर मग तेलाकडे वळावे. ट्रॅक्टर सपाट जागी, चाके सरळ, इंजिन बंद. टाकीचे झाकण काढण्यापूर्वी त्याभोवतीची धूळ पुसून घ्यावी. आश्विन-कार्तिकात सोयाबीनची मळणी चालू असताना हवेत एवढा भुसा उडतो, की उघडे झाकण म्हणजे बिघाडाला आमंत्रणच. तेल खुणेपर्यंत आहे का, हे पाहून मग त्याचा रंग पाहावा.

तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. वर फेस दिसत असेल तर पंप कोठून तरी हवा ओढत आहे. तेल काळे पडून जळकट वास येत असेल तर ते फार तापलेले आहे. तळाशी चमकणारी बारीक धातूची पूड सापडल्यास पंप किंवा युनिट झिजत आहे असे समजावे. अशा वेळी फक्त तेल बदलून भागत नाही. टाकी धुवावी, फिल्टर बदलावा, नळ्या स्वच्छ कराव्यात आणि पूड कोठून आली याचा शोध घ्यावा.

तेल कमी झाले असेल तर ते गेले कोठे? नळ्यांचे सांधे, सिलिंडरच्या दांडीभोवतीचे सील आणि युनिटचा खालचा भाग कोरडे पुसून इंजिन चालू करावे व ओल कोठे येते ते पाहावे. कधी कधी बाहेर एक थेंबही दिसत नाही, तरी टाकीतले तेल घटत राहते. अशा वेळी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून पाहावी. इंजिनच्या गिअरवर चालणाऱ्या पंपाचे शाफ्ट सील फाटले तर स्टिअरिंगचे तेल इंजिनमध्ये उतरते आणि इंजिन ऑइलची पातळी वाढते. हे वेळीच लक्षात न आल्यास स्टिअरिंगबरोबर इंजिनचेही नुकसान होते.

तेल कोणते घालावे? पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच. टाकीत जे मिळेल ते ओतण्याची सवय वाईट आहे. विशेषतः मोटारीच्या ब्रेकचे नेहमीचे तेल यात कधीही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात व निकामी होतात.

तिसरी पायरी : लक्षणावरून कारण ओळखा

आता इंजिन चालू करून टणक जमिनीवर चाचणी घ्यावी. घाई करू नये. जे दिसेल ते लिहून घ्यावे.

१) इंजिन मंद असताना स्टिअरिंग जड आणि वेग वाढविला की हलके : प्रवाह अपुरा आहे. पंप झिजलेला असावा, फिल्टर तुंबलेला असावा किंवा पंप पट्ट्यावर चालणारा असल्यास पट्टा ढिला असावा. पट्टा घसरत असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळविताना किंचाळल्यासारखा आवाज येतो.

२) सकाळी हलके, दोन तास काम झाल्यावर जड : तेल तापून पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून किंवा युनिटमधून आतल्या आतच परत फिरते. जुन्या ट्रॅक्टरचे हे अगदी नेहमीचे लक्षण आहे. कधी कधी सक्शन नळी उष्णतेने मऊ पडून आत ओढली जाते व चपटी होते. म्हणून गरम असतानाच ती नळी पाहावी.

३) दोन्ही बाजूंना, हळू फिरविले तरीही आणि कोणत्याही वेगात जड : चाके मोकळी असल्याची खात्री झाली असेल तर दाब कमी आहे. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असेल, त्याची स्प्रिंग थकली असेल किंवा पंप अगदीच संपला असेल.

४) एकाच बाजूला जड : पंपावर संशय घेऊ नये, कारण पंप दोन्ही बाजूंसाठी एकच आहे. त्या बाजूची नळी दबली किंवा आतून सोलली आहे काय, सिलिंडरची दांडी वाकली आहे काय, आणि युनिटमध्ये त्या बाजूचा शॉक व्हॉल्व्ह असल्यास तो कचऱ्याने उघडा राहिला आहे काय, हे पाहावे.

५) स्टिअरिंग धक्के देत फिरते, पंप कण्हतो : तेलात हवा आहे. सक्शन नळीचे क्लॅम्प सैल असतात किंवा नळीला बारीक चीर असते. या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून येथून तेल गळत नाही, हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून नळी चांगली, असे समजणे चूक होय.

६) सरळ जाताना ट्रॅक्टर हळूहळू एका बाजूस सरकते, सारखे सावरावे लागते : सिलिंडरमधील दट्ट्याचे सील गेलेले असते किंवा युनिटमध्ये आतली गळती असते.

७) हात सोडला तरी स्टिअरिंग मधोमध येऊन थांबत नाही, आपोआप फिरत राहते : युनिटमधील पट्टीच्या स्प्रिंगा मोडल्या असतील, व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा दांडा युनिटवर तिरपा बसून दाबत असेल. युनिट नुकतेच खोलून जोडले असेल आणि इंजिन सुरू करताच चक्र जोरात फिरू लागले, तर आतल्या गिअरची खूण चुकली आहे. इंजिन ताबडतोब बंद करावे. अशा वेळी चक्राच्या आऱ्यांत हात अडकून मोडू शकतो.

हवा काढण्याची पद्धत सोपी आहे. पुढचा अॅक्सल उचलून इंजिन मंद ठेवावे आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश आठ-दहा वेळा फिरवावे. टोकाला दाबून धरू नये. दुसऱ्याने टाकीकडे लक्ष ठेवून तेल भरत राहावे. बुडबुडे थांबले की हवा निघाली. मात्र हवा आत येण्याची वाट बंद केली नसेल तर दुसऱ्या दिवशी तोच प्रकार पुन्हा होणार, हे सांगणे नलगे.

चौथी पायरी : गेज लावा

एवढे करूनही उत्तर सापडले नाही तरच दाब मोजण्याची वेळ येते. हे काम जाणकार मिस्त्रीच्या देखरेखीखाली करावे. पंप आणि युनिट यांच्यामधील नळीत टी-जोड देऊन गेज बसवितात. अपेक्षित दाबापेक्षा बरीच मोठी मोजपट्टी असलेले गेज घ्यावे. तेल कामाइतके गरम झाल्यावर स्टिअरिंग एका टोकाला नेऊन तीन-चार सेकंदच धरावे, आकडा वाचावा आणि सोडावे. दुसऱ्या टोकालाही तसेच करावे. दोन्ही आकडे पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावेत.

दाब पुस्तिकेप्रमाणे असेल तर पंप व रिलीफ व्हॉल्व्ह जोर देण्यास समर्थ आहेत. दोष पुन्हा चाकांकडे किंवा सांध्यांत शोधावा. दोन्ही टोकांना दाब सारखाच कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह काढून स्वच्छ करावा, बसण्याची जागा व स्प्रिंग पाहावी. मगच पंपाला हात लावावा. एकाच टोकाला कमी असेल तर त्या बाजूची गळती शोधावी.

गेजच्या पुढची नळी पूर्ण बंद करून पंपाची ताकद पाहण्याचा प्रयोग काही जण करतात. रिलीफ व्हॉल्व्ह युनिटमध्ये असलेल्या ट्रॅक्टरवर असे केल्यास तेलाला सुटकेचा मार्गच राहत नाही आणि पंप किंवा नळी फुटते. हा प्रयोग कदापि करू नये. तसेच स्टिअरिंग जड आहे म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवू नये. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि सील, नळ्या व पंप यांवर ताण येतो.

सिलिंडरचे आतले सील तपासण्याची वर्कशॉपमधील पद्धत अशी : स्टिअरिंग एका टोकाला नेऊन इंजिन बंद करावे. ज्या बाजूला त्या वेळी दाब नाही त्या बाजूची नळी सिलिंडरपासून सोडवून तिच्या तोंडाला आट्यांचे पक्के बूच लावावे. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली भांडे ठेवावे. इंजिन मंद सुरू करून स्टिअरिंग त्याच टोकाकडे थोडे दाबावे. सुरुवातीचे थोडे तेल पडून थांबले तर सील ठीक. धार चालूच राहिली तर दट्ट्याचे सील गेले. सिलिंडरचे सील बदलणे हे नवे युनिट घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. म्हणून सिलिंडर निर्दोष ठरल्याशिवाय युनिट खोलू नये. युनिटमधील व्हॉल्व्ह व बाही यांची जोडी अत्यंत बारीक मापाची असते. धुळीत, गोणपाटावर बसून ते खोलणे म्हणजे चांगले युनिट मारणे होय.

जिवाची काळजी

दाबाखालचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून इतक्या जोराने निघते, की ते कातडीतून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, परंतु आतून बोट सडू शकते. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ फिरवावा, त्यावर तेलाचा फवारा उमटतो. तेल शरीरात शिरल्याचा संशय आला तरी उद्यावर न ढकलता तत्काळ रुग्णालयात जावे आणि काय झाले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नळी सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवावे, म्हणजे उरलेला दाब निघून जातो.

स्टिअरिंगमध्ये दोष असल्याचे माहीत असताना ट्रॉली जोडून रस्त्यावर जाऊ नये. मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा या भागांत चढ-उताराचे रस्ते आहेत. सोयाबीनने भरलेल्या ट्रॉलीचा रेटा मागून येत असताना पुढची चाके हुकमात नसतील तर काय होईल, ते सांगावयास नको. लग्नाला, बाजाराला माणसे ट्रॉलीत बसवून नेणे तर कायद्यानेही वर्ज्य आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही चूक आहे.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

विद्यार्थी मित्रहो, बिघाड शोधणे ही अंगची जादू नाही. ती सवय आहे आणि सरावाने कोणालाही येते. एक वही ठेवा. ट्रॅक्टरचे वर्ष, किती तास चालले, तक्रार काय, कोणती तपासणी केली, काय आढळले, काय केले आणि त्यानंतर काय फरक पडला, हे प्रत्येक वेळी लिहा. शक्य असल्यास स्टिअरिंग चक्राच्या कडेला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून चक्र फिरविण्यास किती किलोचा ओढ लागतो ते दुरुस्तीपूर्वी व नंतर मोजा. “आता हलके वाटते” या शब्दांपेक्षा काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकाला अधिक पटतो आणि तुम्हालाही फसवीत नाही. पन्नास ट्रॅक्टरच्या नोंदी झाल्या, की ती वहीच तुमची गुरू होईल.

शिक्षणाच्या सोयीही आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकविली जाते. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर व शेती यंत्रांचे प्रशिक्षण आणि परीक्षण करणारी संस्था आहे. तेथे जाऊन चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर पुष्कळ झाले, पण कारण सांगून दुरुस्ती करणारे मिस्त्री अजूनही थोडे आहेत. जो तरुण हे काम प्रामाणिकपणे शिकेल त्याला कामाची वाण पडणार नाही.

ट्रॅक्टरमालक सभासदांनाही एक विनंती आहे. दुरुस्तीला नेल्यावर “काय बदलावे लागेल?” असे विचारण्याआधी “काय तपासले?” असे विचारा. भाग बदलला तर जुना भाग परत मागा आणि बिल घ्या. कंपनीची पुस्तिका नसेल तर विक्रेत्याकडून मिळवा. आकड्यांचा वाद तिथेच मिटतो. आणि उन्हाळ्यात, मृगापूर्वी एक दिवस काढून टायरची हवा, ग्रीस, तेल, फिल्टर व नळ्या यांची तपासणी करून घ्या.

सुरुवातीस ज्या सभासदाचा उल्लेख केला, त्यांचा जुना पंप व जुने युनिट दुरुस्तीच्या वेळीच बदलीत गेले. ते दोन्ही भाग बहुधा चांगलेच होते, पण आता ते सिद्ध करण्याचा मार्ग उरला नाही. उधारी मात्र त्यांना दोन हंगाम फेडावी लागली. आता त्यांच्या ट्रॅक्टरवर औजारांच्या पेटीत एक ग्रीस गन व एक वही असते. त्यांच्यावर आली ती वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून त्यांच्याच संमतीने ही हकीकत येथे दिली आहे.